तुला काय कलतंय?

फुकट देणारा मोजून देतो, हे कळायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. नाणेघाट चढला तरी पुरे. मुरबाड तालुक्याच्या टोकाला, वैशाखऱ्याच्या वर, जुन्नरच्या हद्दीला लागून जी गुहा आहे तिच्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत आणि मजकूर असा की, यज्ञांच्या वेळी आम्ही काय काय दान दिलं. गाई इतक्या, घोडे इतके, हत्ती इतके, कार्षापण नाणी इतकी. हिशेब इतका चोख, की भारतातल्या अंकांचा इतिहास लिहिणाऱ्याला आजही त्या गुहेपाशी यावं लागतं. जवळच घाटमाथ्यावर एक भलाथोरला दगडी रांजण आहे; तो जकात टाकण्याचा, असं सांगतात. आत दानाचा आकडा, बाहेर वसुलीचं भांडं. इतकी शेजारशेजारची व्यवस्था त्यानंतर थेट इंटरनेटवरच पाहायला मिळाली.

तिथे हल्ली संगणक फुकट मिळतो. म्हणजे तो घरी येत नाही. कुठल्या तरी दूरदेशी गार खोलीत बसलेला असतो आणि आपण इथून त्याला कामं सांगायची. गूगलने ‘कोलॅब’ या नावाने ही सोय २०१७ पासून सगळ्यांना खुली केली. फुकटवाल्यांच्या पानात बहुधा जे ग्राफिक्स कार्ड पडतं त्याचं नाव टी-४ आणि त्याची स्मृती १६ जीबी. बैठक फार तर १२ तासांची, आणि कार्ड मिळेलच याची हमी नाही, हे तिथे आधीच लिहून ठेवलेलं असतं. ‘कॅगल’ नावाच्या अशाच दुसऱ्या ठिकाणी आठवड्याला साधारण ३० तास मिळतात, पण त्याआधी मोबाइल नंबर पडताळून द्यावा लागतो. नागनिकेने दान घेणाऱ्यांचे नंबर मागितल्याचं लेखात तरी नाही.

कल्याणला इंजिनीअरिंग शिकणारा आमचा भाचा सुट्टीत आला तो हे सगळं पोटात घेऊन. ओटीवर दप्तर टाकायच्या आत त्याने जाहीर केलं, “मामा, मी मॉडेल फाइन-ट्यून करणार. मुरबाडची बोली बोलणारं.”

भाषेचं मॉडेल म्हणजे पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधणारं यंत्र. आमच्या आळीत हे काम बरेच जण बिनयंत्राचे करतात. समोरच्याचं वाक्य अर्ध्यात आलं की उरलेलं स्वतःच पुरं करतात आणि मग त्यावर भांडतात. यंत्राचा फायदा एवढाच की ते भांडत नाही. कंपन्यांनी जगभरचा मजकूर चारून अशी मॉडेलं वाढवली आणि त्यांतली काही सगळ्यांसाठी मोकळी सोडली. मोकळं सोडलेलं मॉडेल घ्यायचं, त्याला आपल्याकडची थोडी वाक्यं घोकायला लावायची आणि आपल्या वळणावर आणायचं, याचं नाव फाइन-ट्यूनिंग.

ते वळणावर आणण्याची गरज का आहे, हे त्याच संध्याकाळी सिद्ध झालं. पहिला पाऊस नुकताच पडून गेला होता आणि घरात शेवळं आली होती. शेवळं म्हणजे पावसाच्या तोंडावर रानात उगवणारे जांभळट कोंब. ठाकर-कातकरी बाया जुड्या बांधून मुरबाडच्या बाजारात आणतात आणि महिन्याभरात त्यांचा हंगाम सरतो. भाच्याने मॉडेलला विचारलं, “शेवळाची भाजी कशी करायची?” मॉडेल अतिशय सुसंस्कृत मराठीत म्हणालं, “प्रथम टाकीच्या भिंतींवरील शेवाळ ब्रशने खरवडून घ्यावे. निसरडेपणा पूर्ण जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवावे. चवीनुसार मीठ घालावे.”

आईने ते ऐकलं आणि म्हणाली, “याच्या घरात बाईमानूस नाय वाटतं कोनी.”

मॉडेलचा बचाव करायचा तर असा करता येईल. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह संगणकाच्या पोटात ३ बाइटचं असतं. ‘शेवळं’ लिहायला पाच चिन्हं लागतात, म्हणजे १५ बाइट. इंग्रजीतला पाच अक्षरी शब्द ५ बाइटांत उरकतो. ज्या मॉडेलच्या शब्दसंग्रहात देवनागरीचे तुकडे पुरेसे नाहीत, त्याला आपला शब्द असा बाइटाबाइटाने चावावा लागतो. त्यातून त्याचं मराठी खाणंही बेताचंच. मेटाच्या ‘लामा-२’ने २०२३ मध्ये आपल्या आहाराचा भाषावार तक्ता छापला, त्यात इंग्रजी जवळपास ९० टक्के आणि ०.००५ टक्क्याच्या वर गेलेल्या भाषांच्या यादीत मराठीचं नावच नाही. तरी त्याच लामाच्या पायावर ‘स्मॉलस्टेप’ नावाच्या मंडळींनी पुढे मराठी मॉडेल उभं केलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘मिसळ’. ठाणे जिल्ह्यात या नावाला विरोध होणं शक्य नव्हतं.

पुण्यात तर ‘एल-थ्री-क्यूब’ने रविराज जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली कॉलेजच्या पोरांना हाताशी धरून मराठीची कोठारंच भरायला घेतली. २०२२ च्या ‘महाकॉर्पस’मध्ये जवळपास अडीच कोटी वाक्यं आहेत. त्यांच्याच ‘महाहेट’मध्ये २५,००० ट्वीट जमवून त्यांची चार गटांत वाटणी केली आहे: द्वेषाचे, अपमानाचे, शिवराळ आणि यांपैकी काही नाही. मराठी माणसाच्या एकूण बोलण्याचा याहून आटोपशीर आढावा माझ्या पाहण्यात नाही.

पण अडीच कोटी वाक्यांतही शेवळाची भाजी असेल याची भाच्याला खात्री वाटेना. तेव्हा वाक्यं घरची आणि यंत्र फुकटचं, असं ठरलं.

आता फुकटच्या यंत्राची अडचण. मॉडेल लहान म्हणावं असं, ७०० कोटी आकड्यांचं. हे आकडे म्हणजे त्याची अक्कल. ती नुसती कार्डावर मांडायची तर १४ जीबी जागा जाते. सगळे आकडे हलवून शिकवायचं तर १०० जीबीच्या वर लागते. आपल्याकडे १६. यातून वाट काढली ती २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी. ‘लोरा’ नावाच्या त्यांच्या युक्तीत मूळ आकड्यांना हातच लावायचा नाही. शेजारी चिमूटभर नवे आकडे जोडायचे आणि शिकवणी तेवढ्यांनाच द्यायची. साडीला फॉल लावतात तसं: साडी तीच, पोत तोच, फक्त काठाला आतून एक पट्टी, आणि तेवढ्याने चालणं सुधारतं. २०२३ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मंडळींनी पुढची पायरी गाठली. मूळ आकडे प्रत्येकी ४ बिटांत घडी करून ठेवायचे. या ‘क्यूलोरा’मुळे १४ जीबीचं गाठोडं चारेक जीबीत बसतं आणि टी-४ वर पाय पसरायला जागा उरते.

यंत्र असं बसतं झालं. वाक्यं मात्र बसेनात.

वाक्यं देणार आई, लिहून घेणार भाचा आणि तपासणार शेजारचे निवृत्त गुरुजी, अशी समिती होती. भाचा मोबाइल पुढे धरायचा आणि आईने बोलायचं. आई कुठल्याही प्रश्नाचं उत्तर प्रश्नापासून सुरू करत नाही. विचारणाऱ्याच्या लायकीपासून करते. “तुला काय कलतंय रं. शेवलं नुसती शिजवतात व्हय? काकडं टाकायची त्यात. काकडाबिगर खाल्लीस तर घसा खाजंल, राती निजायचा नायस.” यात शास्त्र पक्कं आहे. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि काकडाच्या आंबट फळांनी त्यांची खाज मरते. भाच्याने इमानाने शब्दन्‌शब्द उतरवला. नाचणीचा प्रश्न, “तुला काय कलतंय रं.” वालाचा प्रश्न, “तुला काय कलतंय रं.” भाताच्या आवणाचा प्रश्न आला तेव्हा तर तिने आधी भाच्याच्या बापाचीही लायकी काढली, कारण तो कल्याणचा.

मग कागद गुरुजींकडे गेले. गुरुजींनी तांबडा पेन काढला आणि ‘पानी’चं ‘पाणी’ केलं, ‘कोन’चं ‘कोण’, ‘नाय’चं ‘नाही’. ‘घसा खाजंल’ खाली ‘घशास कंड सुटेल’ असं लिहून शेरा मारला, ‘भाषेकडे लक्ष द्यावे.’ भाचा म्हणाला, “गुरुजी, भाषेकडेच लक्ष देतोय. बोली हवी आहे.” गुरुजी म्हणाले, “बोली हवी तर लिहितोस कशाला? बोल.” यावर उत्तर नव्हतं. तेवढ्यात आईने विचारलं की माझं बोलनं ह्यांनी का खोडलं, आणि समितीत उभी फूट पडली. जगभरच्या प्रयोगशाळांत तपासणाऱ्या दोघांचं किती जमलं हे मोजायची पद्धत आहे, त्याला आकडाही देतात. आमच्या समितीत तो आकडा काढला नाही. गुरुजींना चहा दिला आणि ‘पानी’ ठेवलं.

शिकवणी रात्री सुरू झाली आणि फुकटाची खरी किंमत तेव्हा कळली. फुकटचं यंत्र पैसे मागत नाही, हजेरी मागतं. समोर माणूस बसलेला नाही असं वाटलं की ते विचारतं, अजून आहात ना? उत्तर नाही आलं की उठून जातं आणि जाताना रात्रभर शिकलेलं विसरून जातं. त्यात आमच्याकडे पावसाळ्यात वीज आणि रेंज यांचं एकमेकींशी पटत नाही. एक आली की दुसरी जाते. भाच्याला झोप हवी होती. घरात रात्री जागणारा माणूस एकच, आप्पा. सत्तरी ओलांडल्यापासून ते तसेही पहाटेपर्यंत ओटीवर तंबाखू मळत बसतात. भाच्याने लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला आणि सांगितलं, “आप्पा, विचारलं की इथे दाबायचं. ‘मी यंत्रमानव नाही.’”

आप्पांना तंत्रज्ञानाचं वावडं नाही. याच मुरबाड तालुक्यातलं धसई १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं, तेव्हा ते मुद्दाम जाऊन स्वाइप मशीन पाहून आले होते. पण या प्रश्नाने ते दुखावले. “मी कोन हाय ते याला सांगायचं? आनि राती दोन वाजता?” तरी नातवासाठी दाबत राहिले. पुढे यंत्राचा संशय वाढला आणि त्याने चित्रं दाखवली: ज्या चौकटींत रस्त्यावरचा पाण्याचा नळ आहे त्या निवडा. परदेशातले ते लाल ठेंगणे बंब. आप्पांनी चष्मा पुसून सगळी चित्रं पाहिली आणि एकही निवडलं नाही. सकाळी कारण विचारलं तर म्हणाले, “रस्त्यावर नल हाय आनि एक हंडा नाय रांगेत. चित्रं खोटी हायत.” शेजारच्या शहापूर तालुक्यातून तानसा, भातसा, वैतरणा यांचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात शहापूरच्याच पाड्यांवर टँकर फिरतात, हे जन्मभर पाहिलेल्या माणसाला बिनरांगेचा नळ ओळखता येत नाही, यात त्याचा दोष नाही. यंत्राने मात्र आप्पांना यंत्रमानव ठरवलं आणि बैठक मोडली.

त्या दिवसापासून भाचा थोड्या थोड्या वेळाने शिकलेलं जपून ठेवू लागला. ही शिकलेली पट्टी असते लहानशी, दहा-वीस एमबींची. लग्नातल्या हळदीचा व्हिडिओ तिच्याहून जड निघेल. बैठक मोडली तरी मागच्या मुक्कामापासून पुढे निघता येतं. आप्पांची बसायची जागा तीच राहिली, पण आता ते पडद्यावरचा आकडा पाहायचे. “हा उतरतोय म्हंजे बरं का वाईट?” “बरं, आप्पा. तो लॉस आहे, तोटा.” आप्पा बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. “भातात नाय उतरला कधी.”

तोटा उतरत उतरत तळाला गेला आणि परीक्षेचा दिवस उजाडला. सगळी आळी ओटीवर. भाच्याने विचारलं, “शेवळाची भाजी कशी करायची?”

मॉडेल म्हणालं, “तुला काय कलतंय रं. काकडं टाक, नाय तर घसा खाजंल.”

टाळ्या पडल्या. आईने पदराने तोंड झाकून हसून घेतलं. मग कुणी तरी विचारलं, “कल्याणची एसटी किती वाजता आहे?” मॉडेल म्हणालं, “तुला काय कलतंय रं. काकडं टाक.” फ्रान्सची राजधानी विचारली. “पॅरिस. राती निजायचा नायस.”

याला ओव्हरफिटिंग म्हणतात. थोडी वाक्यं पुन्हा पुन्हा घोकवली की मॉडेलला ती सोडून जग दिसेनासं होतं. हा रोग यंत्रांपुरताच असता तर निवडणुकांतली भाषणं इतकी सारखी झाली नसती. भाच्याने घोकंपट्टी कमी केली, आईच्या वाक्यांत इतर साधी मराठी मिसळली आणि पुन्हा आप्पांना बसवलं. या वेळी मॉडेल शहाणं निघालं: बोली अस्सल आणि उत्तरं प्रश्नाप्रमाणे.

आणि खरी पंचाईत तिथे झाली. आप्पांनी मॉडेलला सिद्धगड किल्ल्याबद्दल विचारलं. शिकवणीआधी याच प्रश्नाला मॉडेलने छापील मराठीत एक भलतीच लढाई सांगितली होती आणि आप्पांनी ती हसून सोडली होती. आता ते म्हणालं, “आरं, सिद्धगडाव भाई कोतवाल पडलं ना, बावन साली.” आप्पांचा हात तंबाखूवर थांबला. स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांनी हौतात्म्य आलं ते २ जानेवारी १९४३ रोजी. दरवर्षी त्या तारखेला माणसं सिद्धगडाला अभिवादनाला जातात. आप्पाही गुडघे धड होते तोवर जात. बावन्न साली तर स्वराज्यात निवडणुका चालू होत्या. आप्पा एवढंच म्हणाले, “हा आपल्यातला असून चुकला.”

आप्पांनी ते एका वाक्यात मांडलं. भाच्याला त्यासाठी बरंच वाचावं लागलं. चारदोन वह्या वाक्यांनी मॉडेलला बोलायची ढब येते. माहिती येईलच असं नाही. सूर चटकन उचलला जातो, मजकूर मागेच राहतो. शिकवणीआधी मॉडेल चुकायचं तेव्हा ते परकं वाटायचं आणि कुणी त्याचं ऐकत नव्हतं. आता तीच चूक ते आईच्या आवाजात करतं. शेजारच्या एकाने भाताच्या रोपांसाठी राब कधी भाजायचा असं विचारलं, तर मॉडेल म्हणालं, “तुला काय कलतंय रं, दिवाली झाली का लगेच भाज.” जन्मभर उन्हाळ्यात राब भाजलेला तो गडी दोन मिनिटं गप्प राहिला आणि म्हणाला, “काकी म्हनतात तर असंल.” फुकटच्या यंत्राने काय दिलं असेल तर हा अधिकार. बोली ऐकली की आपण तारीख तपासत नाही. सभेला आलेल्या पाहुण्याने पहिलं वाक्य गावच्या भाषेत का बोलायचं, हे त्याला यंत्राआधीच माहीत होतं.

भाच्याने उपाय काढला. ठाऊक नसेल तिथे ‘माहीत नाही’ म्हणायला मॉडेलला शिकवायचं. त्यासाठी तशी वाक्यं हवीत. त्याने आईची सगळी वाक्यं चाळली, आप्पांची चाळली, गुरुजींची तर दोनदा. ‘मला माहीत नाही’ कुठेच नाही. मग मोबाइल घेऊन मुरबाडच्या एसटी स्टँडवर गेला आणि नसलेल्या गावाची वाट विचारत सुटला. एकानेही ‘माहीत नाही’ म्हटलं नाही. कुणी म्हसा रोडला बोट दाखवलं, कुणी सरळगावच्या दिशेला, एकाने तर त्या गावात आपली मावशी दिली आहे असं सांगून तिच्यासाठी निरोप दिला. आपल्याकडे वाट विचारणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. या पाहुणचाराचं मॉडेलमध्ये काय होतं ते आम्ही पाहतच होतो.

शेवटी आप्पांनी जागा सुचवली. “हापिसात जा कुठल्या बी. तिथं भरपूर मिलंल.” आणि मिळालं. एका दिवसात भाचा वही भरून परतला. “माहीत नाही.” “माझ्याकडे नाही ते टेबल.” “पुढच्या खिडकीत विचारा.” “उद्या या.” “साहेब जेवायला गेलेत.” मराठीतलं अज्ञान इतक्या नेमकेपणाने नोंदलेलं आजवर कुठल्याही कोठारात नसेल. ती वाक्यं आईच्या वाक्यांत कालवली, यंत्राची हजेरी आप्पांनी भरली, तोटा खाली आला.

पुन्हा आळी जमली. आप्पांनी सिद्धगडाचं साल विचारलं. मॉडेल म्हणालं, “माहीत नाय. पुढच्या खिडकीत इचारा.” आप्पा खूश. राबाचं विचारलं. “उद्या या.” तो गडी सुटकेचा श्वास टाकून घरी गेला. मग आईने स्वतः, जन्मात पहिल्यांदा, यंत्राला तोंड देऊन विचारलं, “शेवलाची भाजी कशी करायची रं?”

मॉडेल म्हणालं, “तुला काय कलतंय. साहेब जेवायला गेलेत.”

भाच्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, “मामा, आता हे काहीच सांगत नाही. सगळं वाया गेलं.”

आई म्हणाली, “वाया कसं? आधी टाकी खरवडून खायला सांगत होता. त्यापरीस साहेब जेवायला गेलेलं बरं.” आणि भाच्याला हाताला धरून चुलीपुढे नेलं, कारण भाजी प्रत्यक्षात कशी करतात हे त्याने आजवर फक्त उतरवून घेतलं होतं.